सकवारबाई का उठल्या

तो सिनेमा मला आवडत नाही. बेंगळुरूतल्या आमच्या मराठी लोकांत असं म्हणणारा दुसरा कुणी सापडायचा नाही. कन्नड सिनेमा, बावन्न वर्षांपूर्वीचा. मोठं कुटुंब, भांडणं, नऊ गाणी. आजही कुठं लागला की आज्या नातवंडांना घेऊन जातात आणि डोळे पुसत परत येतात.

माझा राग कामावरून आहे. इथल्याच शिवाजीनगरच्या एका टॉकीजात मी एकेचाळीस वर्षं खुर्च्या दुरुस्त केल्या. या सिनेमात मध्यावर एक गाणं आहे. आई वीस माणसांचा स्वयंपाक करते आणि गात गात सगळ्यांना बोलावते, ‘ऊटा, ऊटा’. कन्नडात ऊटा म्हणजे जेवण. त्या ओळीला सगळं थेटर उभं राहायचं. सहाशे बैठका एकदम पाठीवर आपटायच्या. दुसऱ्या दिवशी तीस-चाळीस बिजागऱ्या ढिल्या. त्या आवळायला मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ लागायचा, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

त्या गाण्यात आई नाचणीचा गोळा दोन बोटांनी वळते आणि हसते. वीस माणसांची नाचणी शिजवायची तर पातेलं पायांनी दाबून धरावं लागतं आणि जाड दांड्यानं घोटावं लागतं. दंड भरून येतात. तेव्हा कुणी गात नाही. ज्यानं ते गाणं लिहिलं त्यानं दांडा हातात धरला नसणार.

लोक सांगतात, उभं राहायची चाल आईच्या सन्मानासाठी पडली. ती कशी पडली ते मला माहीत आहे. मी शेजारच्या खुर्चीत होतो.

ती माझ्या वहिनीमुळं पडली. सकवारबाई. निपाणीजवळच्या खेड्यातून लग्न होऊन आल्या तेव्हा एकोणीस वर्षांच्या होत्या. घरात आम्ही चौदा माणसं. पहाटे साडेचारला माझी आई त्यांच्या उशाशी उभी राहायची. ‘ऊठ’ म्हणायची नाही. ‘उठा, राणीसरकार, उठा,’ असं टोमण्यानं म्हणायची. आईबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. पण हे मी रोज ऐकलं आणि कूस बदलून झोपलो.

सिनेमा लागला तेव्हा टॉकीजवाल्यानं कामगारांच्या घरच्यांना एक ओळ फुकट दिली. आई आली नाही; मी घरच्या बाकी आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन गेलो. दिवे गेले आणि वहिनींना झोप लागली. वर्षभराची झोप असावी. मान माझ्या खांद्याकडं कलली. मग ते गाणं आलं, ‘ऊटा, ऊटा’. वहिनी ताडकन उठल्या. पदर खोचला आणि हात पुढं करून अंधारात काडेपेटी चाचपायला लागल्या.

त्या उठल्या म्हणून आमची ओळ उठली. त्या बायकांनाही ते ‘उठा’च ऐकू आलं होतं. पुढं दिसेना म्हणून मागची ओळ उठली, तिच्यामुळं तिच्या मागची. वहिनी भानावर आल्या, पण आता बसायची लाज वाटली. गाणं संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की त्या गाण्याला उभं राहतात.

घरी येताना त्या म्हणाल्या, “भावजी, मी झोपले होते हे सासूबाईंना सांगू नका.” मी कुणालाच सांगितलं नाही.

टॉकीज पाडलं. आता आमच्या समाजाचं मंडळ दर वर्षी तो सिनेमा हॉलमध्ये दाखवतं. दर वर्षी मागच्या बायका वहिनींना ढोसून आधी उठवतात. यंदा मंडळाचा सेक्रेटरी हयवदन पत्रिका घेऊन घरी आला. वहिनी अवरेच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत होत्या.

“अक्का, यंदा तुमचा सत्कार. गाण्याला आधी तुम्ही एकट्या उठायचं. मग मी माइकवरून सांगेन, तेव्हा सगळे.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? आईच्या सन्मानाला पहिल्या तुम्हीच उठलात!”

“मी झोपले होते रे. सासू उठा म्हणायची, तसं ऐकू आलं. भावजींना विचार.”

मी हो म्हटलं. हयवदननं माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्यांना झोपवलं होतं.

“अण्णा, आता हे बोलू नका. लोकांचा हिरमोड होईल. आमदारांची बहीण येणार आहे. अक्का, स्वल्प ॲडजस्ट करा. चार मिनिटं उभं राहायचंय, डोंगर नाही चढायचा.”

“तू सकाळी किती वाजता उठतोस?”

“सात.”

“कोण उठवतं?”

“बायको.”

“मग तिला उभी कर.”

हयवदन उठला. “सरी, ठीक आहे. नाही आलात तरी चालेल. तुमच्या वतीनं मी बोलेन.”

तो गेल्यावर वहिनींनी टरफलं गोळा केली. मग म्हणाल्या, “जाणार मी. नसले तर तो माझ्या नावानं काहीही सांगेल. पण उठणार नाही. त्या गाण्याला एकदा तरी मला बसून राहायचंय.”

“गुडघा दुखतो म्हणा.”

“गुडघा ठणठणीत आहे.”

रविवारी हॉल भरला होता. वहिनींना पुढं सोफ्यावर बसवलं, शेजारी मी. हयवदननं भाषण केलं. “त्या दिवशी सकवारबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं!”

“झोप होती,” वहिनी मोठ्यानं म्हणाल्या. पुढच्या दोन ओळी हसल्या. हयवदननं घाईनं दिवे घालवले.

गाणं आलं. पडद्यावरची ती नटी गोळा वळत हसली. “उठा अक्का, उठा!” हयवदन माइकवरून ओरडला. मागून कुणीतरी वहिनींच्या खांद्यात बोट खुपसलं. मी खाली बघितलं. वहिनींच्या टाचा जमिनीवरून सुटल्या होत्या. बावन्न वर्षांची सवय पायात होती. त्यांनी दोन्ही हातांनी सोफ्याची कड धरली आणि टाचा खाली दाबल्या. एवढी ताकद मी लोखंडाच्या बिजागरीवरही कधी लावली नसेल.

“अक्का!”

“ती जेवायला बोलावते आहे,” वहिनी म्हणाल्या. आवाज खणखणीत. “जेवायला बसतात. बसा गप.”

अर्धे लोक उठले होते, ते तसेच अवघडून राहिले. “म्हातारीला माज आलाय,” एक बाई म्हणाली. आमदारांच्या बहिणीला काय करावं कळेना, ती बसली. तिला बघून आणखी काही बसले. हयवदन माइक हातात घेऊन एकटाच भिंतीशी उभा राहिला. गाणं संपेपर्यंत वहिनी हलल्या नाहीत.

सत्कार झाला नाही. शाल घडी न मोडता परत गेली. बाहेर पडताना एकही बाई वहिनींशी बोलली नाही.

ऑटोत मी म्हटलं, “सगळ्यांना दुखावलंत.”

“दुखू दे,” त्या म्हणाल्या, आणि ऑटोवाल्याला कन्नडात वळण सांगू लागल्या.