चांगुणाबाई समुद्र बघतात

वरवंडात कुणाला म्हैस घ्यायची असो, सून आणायची असो की झेंडूची रोपं, एक प्रश्न ठरलेला असतो : "चांगुणाबाईंनी बघितलंय का?" त्यांनी बघितलं असेल तर पुढं कुणी काही विचारत नाही. बघितलं नसेल तर माणसं थांबतात. या कामाचा त्यांना चहाशिवाय मोबदला नाही, आणि चहाही त्यांच्या मते बहुतेक घरी पांचट असतो. तसं त्या तोंडावर सांगून येतात.

त्यांची बघण्याची रीत अशी, की जे दाखवायला मांडलेलं असतं तिकडं त्या ढुंकूनही बघत नाहीत. लेकीचं, सायलीचं, स्थळ बघायला कवठे येमाईला गेल्या तेव्हा बाकीची मंडळी पोहे खात होती आणि चांगुणाबाई गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीचं झाकण उचलून आत बघत होत्या. टाकी घासलेली होती. खाली येऊन त्यांनी नवऱ्याच्या, हौशीरामांच्या, कानात सांगितलं, "पोरगं चालंल." पोराकडं तोवर त्यांनी नीट बघितलंही नव्हतं. पोरगं म्हणजे विश्वजीत. निघालं चांगलं. फक्त सरकारी बोटींच्या दुरुस्तीच्या खात्यात नोकरी लागली आणि बदली झाली ती थेट अंदमानात. एवढं मात्र टाकीत दिसलं नव्हतं.

सायली लहान असताना वस्तीवरच्या सगळ्या पोरी कालव्याच्या पुलावरून शाळेत जायच्या. सायली वळसा घालून, डांबरी रस्त्यानं जायची आणि रोज उशिरा पोचून छड्या खायची. छडीचं चांगुणाबाईंना काही वाटत नव्हतं. कालव्यातून वर काढलेली माणसं त्यांनी पाहिली होती. "पाणी दिसलं की माघारी फिरायचं," हे सायलीला बाराखडीच्या आधी पाठ झालं. पुढं ती कॉम्प्युटरची पदवी घेऊन बेटावर राहायला गेली. तिथं कुठल्याही दिशेला निघालं तरी समोर पाणीच. तिथंही ती माघारीच फिरत राहिली.

तिचा मुलगा पृथ्वीराज दोन वर्षांचा झाला. खिडकीच्या गजाला धरून समुद्राकडं बोट दाखवायचा आणि "पानी, पानी" करायचा. वाळूला त्याचा पाय लागला नव्हता.

एका रविवारी व्हिडिओ कॉलवर जावई वैतागून म्हणाला, "मामी, माणसं विमानाचं तिकीट काढून इथं समुद्र बघायला येतात. आमचं पोरगं बादलीत बसतंय."

"बादलीला बूड असतंय," चांगुणाबाई म्हणाल्या.

मग सायली फोनवर आली. "आई, मे सरला की इथला पाऊस सुरू होईल. मग समुद्राच्या जवळपण जाता येत न्हाई. तू एखादा किनारा बघ. तू व्हय म्हणलीस तर मी याला पाण्यात सोडते. तू न्हाई म्हणलीस तर माझा पाय उचलत न्हाई, हे तुला माहीत हाय."

चांगुणाबाईंना ते माहीत होतं. त्यांनी काम घेतलं.

दर रविवारी ओट्यावर तांब्याला टेकवून फोन उभा केला जाई. शेजारची सिंधूबाई कामधाम सोडून येऊन बसे. तिकडं विश्वजीत फोन हातात धरून किनाऱ्यावरून चाले आणि चांगुणाबाई इथून हुकूम सोडत. पहिल्या किनाऱ्यावर मक्याच्या कणसांच्या गाड्या होत्या, पाण्यावर फटफट्या पळत होत्या आणि एक माणूस उंच खुर्चीवर बसून शिट्ट्या मारत होता.

"ही तर जत्रा हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "जत्रेत पोरं हरवत्यात. पुढचं दाखवा."

दुसरा किनारा पिठासारखा पांढरा, माणूस ना काणूस. सिंधूबाई म्हणाली, "किती सोज्वळ हाय बघा!"

"विश्वजीतराव, जरा आत चाला."

विश्वजीत फोन बायकोकडं देऊन चालला आणि दोन-चार पावलांतच छातीपर्यंत बुडाला. सायली किंचाळली. किनारा नापास झाला. तिसऱ्याला वाळू खणायला लावली; खाली पोवळ्यांचे कातरे तुकडे निघाले. नापास. चौथ्या ठिकाणी कपडे बदलायच्या खोलीमागं काय आहे ते दाखवायला लावलं. जे होतं ते बघून सिंधूबाईनं पदर नाकाला लावला, फोनवर वास येत नसूनही.

"मामी, हा समुद्र आहे," विश्वजीत ओले बूट झटकत म्हणाला. "सोयरीक नाही."

"सोयरीक मोडता येती," चांगुणाबाई म्हणाल्या. "म्होरं चला."

पाचव्या जागेवर त्या पहिल्यांदाच फोनच्या जवळ सरकल्या. खाडीच्या आतलं पाणी. लाट नाही, गर्दी नाही, कचरा नाही. काठावर गर्द झाडं, मुळं थेट पाण्यात, वर सावली. गावच्या तळ्याला बाभळी असलेली कड अशीच उथळ असते. बाया तिथंच धुणं धुतात, म्हशी तिथंच बसतात, आणि पोरं म्हशींच्या पाठीवर. उभ्या जन्मात त्या कडेला कुणाला काही झालेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

"हे चांगलं हाय," त्या म्हणाल्या. चांगुणाबाई 'चांगलं' हा शब्द वर्षातून एखाद्या वेळी काढतात. "सोड त्याला हितं."

सायलीनं खरंच चप्पल काढली. पृथ्वीराजला कडेवरून उतरवायला ती वाकली, तेवढ्यात मागून एक माणूस ओरडत आला. "अरे मॅडम! बोर्ड नहीं देखा क्या? मगर है इधर!"

विश्वजीतनं फोन वळवला. झाडाला टेकून पिवळा बोर्ड उभा होता आणि त्यावर जबडा उघडलेली मगर. लाट नाही, सावली आहे आणि कुणी फिरकत नाही, हे सगळं तिलाही पसंत होतं.

सायलीनं मुलाला उचललं आणि पळाली. फोन बंद झाला.

संध्याकाळपर्यंत सिंधूबाईनं बातमी वस्तीभर नेली. "अक्कांनी नातवासाठी मगर पसंत केली." दूध घालायला गेलेल्या हौशीरामांना डेअरीवर कुणी विचारलं, "का आप्पा, सुपारी फोडली का मगरीच्या घरी?" हौशीरामांनी घरी येऊन ते बायकोला सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती.

"मला हितनं काय दिसतंय?" चांगुणाबाई म्हणाल्या. सायलीनं काढलेली ती चप्पल त्यांच्या डोळ्यांपुढून हटत नव्हती. पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा पाण्याकडं पाय टाकला, तो त्यांच्या शब्दावर, आणि तो कुठं पडणार होता!

पुढच्या रविवारी फोन वाजला तेव्हा त्यांनी तो हौशीरामांच्या हातात दिला. "सांगा, झेंडू तोडायला गेली." झेंडू आदल्या दिवशीच तोडून झाला होता. त्याच्या पुढच्या रविवारीही तो तोडूनच झालेला होता. दरम्यान गुरव घेणार होते ती म्हैस बघायला त्यांना बोलावणं आलं. त्या म्हणाल्या, "तुमची तुम्ही बघा." म्हैस घेतली गेली. दूध बऱ्यापैकी देते.

मग एका बुधवारी सकाळी, त्या खरोखरच झेंडू क्रेटमध्ये भरत असताना, फोन वाजला. हौशीराम मोटर चालू करायला गेले होते. उचलावा लागला.

"आई, विचारायला न्हाई, सांगायला फोन केलाय," सायली म्हणाली. मागं कणसांच्या गाड्या दिसत होत्या.

"ती जत्रा व्हय?"

"व्हय. मी इथल्या बायांना विचारलं, तुमची पोरं कुठं खेळतात. सगळ्या म्हणाल्या, हितंच. दोन झेंड्यांच्या मधी. फटफटीला तिथं बंदी हाय. आन् तो शिट्टीवाला उगं वाजवत न्हाई, बुडत्याला काढणारा पोहणारा हाय त्यो. ओहोटी सरून भरती लागायला आली की सांगतो म्हणलाय, तवा बाहेर यायचं."

"विश्वजीतराव कुठंयत?"

"ड्युटीवर. मी एकटी आलीय." तिनं चप्पल काढली. "फोन चपलेला टेकवून ठेवते. तू बघ."

फोन टेकवला गेला आणि लगेच मागं कलंडला. चांगुणाबाईंना दिसलं ते निळं आभाळ, एक नारळाची झावळी आणि चपलेचा अंगठा.

"सायले, फोन पडला! सायले!"

कुणी ऐकलं नाही. त्यांनी फोन हलवून बघितला, तिरका करून बघितला. आभाळच. मग त्यांनी तो कानाला लावला. लाटेचा आवाज. शिट्टी. पुन्हा लाट. मग पोराची किंकाळी, आणि चांगुणाबाईंच्या हातातली फुलं खाली पडली. किंकाळीच्या शेपटाला हसू होतं. आणखी एक किंकाळी, पुन्हा हसू. आणि त्या हसण्यात दुसरं एक मोठं, घोगरं हसू मिसळलेलं. सायली अशी कधी हसते हे त्यांना माहीत नव्हतं.

सिंधूबाई कुंपणाजवळून डोकावली. "काय दाखवतीया पोरगी?"

"गप बस."

बऱ्याच वेळानं त्यांनी फोन कानावरून काढून समोर धरला, तेव्हा झावळी हलली आणि सायलीचा चेहरा आला. केस गळत होते. कडेवरचा पृथ्वीराज वाळूनं माखून पुन्हा पाण्याकडं ओढ घेत होता.

"बघितलंस का, आई?"

"बघितलं."

"कसं हाय?"

चांगुणाबाईंनी पदरानं फोनची काच पुसली.

"मला काय इचारती? तू बघितलंस न्हवं? त्याच्या कानातलं पाणी पूस."

फोन ठेवून त्या खाली पडलेली फुलं वेचू लागल्या. सिंधूबाई आत आली.

"अक्का, मला तर नुसतं आभाळ दिसलं."

"मग दिसलं की," चांगुणाबाई म्हणाल्या. "उभी काय राहिलीस? क्रेटला हात लाव."