मावशीच्या आवाजातलं एक नाव

सगळ्यात आधी माफी मागतो. या सदरात लिहिणारी माणसं वयानं आणि अनुभवानं मोठी असतात. मी कॉम्प्युटर सायन्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. परीक्षेचा पेपर सोडला तर मराठीत एवढं लांब कधी काही लिहिलेलं नाही. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही... भूतखेत, संकेत वगैरे गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मशीन चुकलं तर त्याला कारण असतंच, फक्त नीट शोधायचं – हे मी ज्युनियर पोरांना अगदी छातीठोकपणे सांगायचो.

मी छत्रपती संभाजीनगरला हॉस्टेलवर राहतो. आमच्या लॅबमधल्या जुन्या मशीनवर नवं विंडोज चालेना, तेव्हा ती भंगारात जाण्यापेक्षा बरं म्हणून आम्ही काही मुलांनी त्यांच्यावर लिनक्स ही खुली, फुकट मिळणारी सिस्टीम टाकली. त्यातून आमचा एक छोटा ग्रुप तयार झाला. माझा रूममेट इम्रान खुलताबादचा. त्याला जन्मापासून दिसत नाही. तो लॅपटॉप कानानं वापरतो. स्क्रीनवर जे लिहिलेलं असेल ते प्रोग्राम वाचून दाखवतो. पण त्याच्याकडचा मराठी आवाज म्हणजे पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणीतरी बोलतंय असा.

"यार, दिवसभर हा डबा कानात वाजतो," तो म्हणायचा, "अब तो सपने में भी डब्बाच बोलता."

म्हणून आम्ही ठरवलं, एक चांगला माणसाचा मराठी आवाज तयार करायचा आणि तो सगळ्यांसाठी खुला करायचा.

आवाज मी माझ्या मावशीचा घेतला. मावशी देवगाव रंगारीला असते. सातवी शिकलेली, पण तिच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवायची. रेकॉर्डिंग आम्ही कापूस भरलेल्या खोलीत केलं. तिथं आवाज घुमत नाही. मी लॅपटॉपवर वाक्य दाखवायचो, ती कापसाला टेकून वाचायची. एका वाक्यात 'साहेबराव' हे नाव आलं आणि ती थांबली. काकांचं नाव साहेबराव. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, त्यानंतर ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं ती मानते.

"हे वाक्य दुसऱ्या कुणाला दे बाबा," ती हसून म्हणाली. मी ते वाक्य सोडून दिलं.

परवानगीच्या चौकटीत तिच्या वतीनं टिक मीच केली. एकदा खुला केलेला आवाज कुणीही, कुठंही वापरू शकतो, तो परत घेता येत नाही, हे मी तिला समजावून सांगितलं नाही. "पोरांच्या कामाला येतंय तर घे की," एवढंच ती म्हणाली होती.

आवाज छान झाला. कुठल्या कुठल्या गावांतली दृष्टिहीन मुलं तो वापरायला लागली. दिवाळीत मी लॅपटॉप घेऊन देवगावला गेलो. असा आवाज रेकॉर्ड न केलेले शब्दही बोलू शकतो, हे दाखवायचं होतं. मावसभाऊ गणेश म्हणाला, "आईला नाव घ्यायला लाव ना." मला तेव्हा ती गंमतच वाटली. मी टाइप केलं – साहेबराव, जेवायला या.

लॅपटॉप मावशीच्या आवाजात स्पष्ट बोलला.

सगळे हसले. काका तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "आता मरायला मोकळा झालो! बाईनं हाक मारली एकदाची."

मावशी मात्र हसली नाही. तवा तसाच ठेवून बाहेर आली. "माझ्या तोंडातून काढलंस तू ते. आधी पूस."

"व्हय मावशी, पुसतो," मी म्हणालो.

त्या हिवाळ्यात काकांना दम लागायला लागला. मावशीचा फोन आला की पहिला प्रश्न तोच – "काढलं का रे ते?" एकदा मी सांगून टाकलं, "काढलं मावशी, केव्हाच." काहीच काढलेलं नव्हतं. काढताही येणार नव्हतं. हे तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आणि त्यानंतरच हे सुरू झालं...

आमच्या मेसवाल्यांचं नावही साहेबराव. हॉस्टेलच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज यायचा आणि खाली नाव असायचं. एक दिवस इम्रान म्हणाला, "तुझी मौसी मेसवाल्यावर रुसली का रे? पूरा मेसेज पढती, नाम आया की चूप."

मी स्वतः टाइप करून पाहिलं. 'साहेब' बोलायची. 'राव' बोलायची. 'साहेबराव' आलं की श्वास घेतल्यासारखी जागा सुटायची आणि पुढचं वाक्य सुरू. दिवाळीत जे वाक्य बोलली होती, तेच टाकलं – "...जेवायला या." फाइल तीच होती. मूळ प्रतीशी ताडून पाहिली, कणभर फरक नाही. आवाज जिथं खुला केला होता, त्या आमच्या लिनक्स ग्रुपच्या पानावर विचारलं, तर कोल्हापूरच्या एका मुलीनं लिहिलं, माझ्याकडंही गप्प. नागपूरहूनही तेच.

खरं सांगतो, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. माझं खोटं आपोआप खरं झालं होतं. पण आवाजातली ती चूक दुरुस्त करायचं काम ग्रुपमध्ये माझ्याच नावावर आलं, आणि मी ते घेतलं. मावशीबद्दल कुणालाच काही सांगितलं नाही. उच्चारांची यादी बदलली, नाव तोडून लिहिलं, जोडून लिहिलं... ज्या नावासाठी ती हात जोडत होती, तेच तिच्या तोंडून काढायला मी लॅबमध्ये तासन्‌तास बसायचो. एकदाही जमलं नाही. शेवटी मी सगळे बदल मागे घेतले आणि आवाज पहिल्यासारखा ठेवून दिला.

इम्रान म्हणाला, "रहने दे ना. नको म्हणतेय ती." तो थट्टेत म्हणाला की मनापासून, मला कळलं नाही.

मग मागच्या महिन्यातली ती सकाळ. मी दात घासत होतो, इम्रान कॉटवर बसून मेसेज ऐकत होता. आज मेसला सुट्टी, वगैरे. आणि शेवटी मावशीचा आवाज आला – "साहेबराव!"

वाचल्यासारखा नाही. बांधावरून लांबच्या माणसाला हाक मारावी, तसा.

इम्राननं चटकन हेडफोनची वायर चाचपली, ती जोडलेलीच नव्हती. "सुना क्या?" तो म्हणाला. "आज मान गई."

मी ब्रश टाकून लॅपटॉपजवळ गेलो. रात्रीपासून काही अपडेट झालेलं नव्हतं. नाव टाइप केलं, ती बोलली. पुन्हा केलं, पुन्हा बोलली, आता नेहमीच्या वाचण्याच्या आवाजात. कोल्हापूरच्या मुलीचाही मेसेज आला – चालायला लागलं, काय केलंस? मी काहीच केलं नव्हतं. ते का थांबलं होतं आणि का सुरू झालं, याचं उत्तर आजही माझ्याकडं नाही. मशीनच्या सगळ्या नोंदी पाहिल्या, लॅबच्या सरांना दाखवल्या, हाती काही आलं नाही.

त्या सकाळी मी मावशीला फोन लावत राहिलो. खरं काय ते आज सांगायचंच, असं ठरवलं होतं. फोन कुणी उचलला नाही. दुपारी गणेशचा आला.

"दादा गेले रे," तो म्हणाला. घरी तो काकांना दादा म्हणायचा. "सकाळीच. ओट्यावर चहा घेत होते अन् एकदम मान टाकली..."

मी मावशीचं विचारलं.

"आई शुद्धीवर नाय," तो म्हणाला. "दादांना हलवत होती अन् नावानं हाका मारत होती. आख्ख्या गल्लीनं ऐकलं."