त्या सीनमध्ये कोणी बोललंच नव्हतं

आधीच सांगते, भुताखेतांवर आणि संकेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते मी... कुणी 'आपोआप झालं' म्हटलं की माझं डोकंच फिरतं! तरीही हे लिहितेय.

मागच्या उन्हाळ्यात आई नागपूरहून माझ्याकडे अमेरिकेत, फ्रीमाँटला आली होती. समीर, म्हणजे माझा नवरा, प्रोजेक्टसाठी टेक्सासला गेलाय असं मी तिला ठोकून दिलं होतं. खरं म्हणजे तो दोन महिन्यांपूर्वीच घर सोडून गेला होता. आईला हे सांगायचं मी रोज उद्यावर ढकलत होते.

एका शनिवारी दुपारी मी टीव्हीवर एक जपानी सिनेमा लावला, कुठल्याशा गाजलेल्या कादंबरीवरचा. नवरा सोडून गेलेली बाई आणि तिच्याकडे राहायला आलेली तिची आई — विषय आधी माहीत असता तर लावलाच नसता! सबटायटल्स इंग्लिश. आईला ना जपानी येतं, ना इंग्लिश. ती आपली मटार सोलत बसली होती. एका सीनमध्ये त्या दोघी मायलेकी टेबलाशी नुसत्या बसून राहतात. चांगली चार मिनिटं... चकार शब्द नाही.

बघते तर आई डोळे पुसतेय.

"काय झालं गं?"

"बिचारी! 'जाताना येतोसुद्धा म्हणाला नाही, आई'... कसं म्हणाली बघ."

"अगं, कोणी बोललंच नाही!"

"मी काय बहिरी आहे? चांगलं मराठीत बोलली की."

मी तो सीन पाच वेळा रिवाइंड केला. शांतता. ऑडिओ एकच, जपानी. सोमवारी लायब्ररीत जाऊन कादंबरीचं इंग्लिश भाषांतर काढलं. त्यात हाच प्रसंग आहे, आणि त्यात मुलगी बोलते. परत येतो असं न म्हणताच तो गेला, हेच आईला सांगते! सिनेमात ते वाक्य गाळलंय. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी ढसाढसा रडले, कारण समीरही दारातून 'जातो' एवढंच म्हणाला होता.

घरी आले आणि बूटसुद्धा न काढता म्हटलं, "आई, समीर टेक्सासला नाहीये."

आईनं गॅस बंद केला. "शनिवारीच कळलं मला. तू कधी सांगतेस, याचीच वाट बघत होते. ये, बस इथे."

सिनेमात नसलेलं वाक्य तिला कसं ऐकू आलं, यावर मी सगळे तर्क लढवून बघितले. एकही टिकत नाही. आईला विचारलं तर ती उलट माझ्यावरच डाफरते, "तुझ्या घरात बसून मला ऐकू आलं. तुला का आलं नाही?"