शेवटची वीस मिनिटे

ठेंगरी सरांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या या ग्रंथात ज्येष्ठांच्या पंक्तीला बसून लिहावे, एवढा माझा अधिकार नाही. मी त्यांची अगदी अलीकडची विद्यार्थिनी. उत्तर येत असूनही हात वर न करणारी. या धाडसाबद्दल क्षमा मागते. पुढे जे लिहिणार आहे, त्याबद्दल मात्र मागणार नाही.

सरांची पहिली ओळख ब्रह्मपुरीच्या आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात झाली. माझ्या हातातील चार पुस्तके पाहून ते म्हणाले, "तू वाचते भरपूर. आता पाहाले शीक." दर शनिवारी दुपारी साडेबाराला खोली क्रमांक नऊमध्ये त्यांचे चित्रपट मंडळ भरत असे. मी भीत भीत गेले आणि मग कधी चुकवले नाही.

गेल्या वर्षी सरांनी एक परदेशी गुन्हेपट लावला. त्यातला मारेकरी पांढऱ्याशुभ्र शर्टात वावरतो, खून करण्याआधी केस विंचरतो, आणि सुरी चालते ती मागच्या गाण्याच्या ठेक्यावर. भिंती हिरव्या, रक्त जवळजवळ केशरी. मला तो चित्रपट अतिशय आवडला. हे मी मुद्दाम छापील स्वरूपात लिहीत आहे.

शेवटची वीस मिनिटे उरली असताना सरांनी तो थांबवला. वैनगंगेपलीकडच्या आमच्या गावांकडे जाणारी जीप तीनला सुटते. आम्ही पाच मुली तिच्यावर अवलंबून. मुलांनी कुरकुर केली. सर म्हणाले, शेवट पाहतील तर सगळे, नाही तर कोणीच नाही. अख्खी खोली आमच्यासाठी आठवडाभर थांबायला तयार झाली. सरांचा चांगुलपणा असा असतो; त्याचे भाषण होत नाही.

पुढच्या शनिवारी शेवट दाखवण्याआधी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, कोणता प्रसंग संपू नये असे वाटले? माजरीच्या खाणकामगाराची मुलगी वनिता म्हणाली, "सर, मले तर त्याचा शर्टच आवडला. एवढे मुडदे पाडले, पण इस्त्री मोडली नाई." सगळे हसले, सरही हसले. मग त्यांनी तोच खून आवाज बंद करून लावला. "आता मारणाऱ्याकडे नाई, मरणाऱ्याकडे पाहा."

मरणारा हॉटेलातला वाढपी होता. पोटात सुरी असताना तो हातातला ट्रे सावकाश टेबलावर टेकवतो, कप फुटू नयेत म्हणून. आम्हां कोणालाच तो आधी दिसला नव्हता. सरांनी प्रसंग पुन्हा लावला, पुन्हा एकदा लावला. वनिता हळूच म्हणाली, "सर, हा कप वाचवून राह्यला होता."

सर म्हणाले, "आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात मेलेला माणूस वन्स मोअर भेटला का उठते अन् पुन्हा मरते. हा उठत नाई. तरी आपण वन्स मोअर देऊन राह्यलो. काऊन?"

नेमके तेव्हाच संस्थेचे एक पदाधिकारी दारात येऊन उभे होते. त्यांनी पाहिले ते एवढेच: एक प्राध्यापक पोरांना तोच तो खून दाखवतो आहे. मंडळ तिथेच उठवले गेले आणि शेवट पाहायचा राहूनच गेला. सोमवारी खोलीला कुलूप लागले. सर हिंसा शिकवतात, असे सांगण्यात आले. आम्हांला कोणी काही विचारले नाही. सरांनी प्राचार्यांपुढे शांतपणे बाजू मांडली. ती ऐकून घेतली गेली आणि कुलूप तसेच राहिले.

तेच पदाधिकारी आज गौरव समितीत आहेत. परवा समितीतर्फे मला फोन आला. "बेटा, सरांची शिस्त लिह, वक्तृत्व लिह. त्या सिनेमाचं कायले काढतेस?" मी फोन ठेवला आणि हा लेख लिहायला घेतला. संतापले की मला लिहिता तेवढे येते. ज्या कामासाठी माणसाला गप्प केले, ते काम वगळून त्याला शाल पांघरणे, याला मी गौरव म्हणणार नाही. समितीला हा लेख नको असेल तर तिने तो सगळाच परत करावा. मधला भाग कापून छापू नये.

तो शेवट आता फोनवर कुठेही मिळतो. आम्ही पाच जणींनी आणि वनितानेही तो पाहिलेला नाही. सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "संगं पाहू." सरांना निरामय दीर्घायुष्य लाभो, त्यांची शंभरी आमच्या हातून याच गावात साजरी होवो. पण त्या वीस मिनिटांसाठी चाळीस वर्षे थांबण्याची आमची तयारी नाही. सत्काराच्या तबकात शाल आणि श्रीफळ असेलच. शेजारी खोली क्रमांक नऊची किल्ली ठेवावी.

समितीकडे पाठविले: शनिवार, २ ऑगस्ट २०२५, दुपारी साडेबारा.