ताईच्या साइटवरचा बाउन्स रेट

आमच्या घरात बाउन्स रेट हा शब्द भाजीच्या भावासारखा रोज निघायचा. आमचे हे घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवतात. माझ्या मोठ्या बहिणीची साइटही त्यांनीच बनवली, आणि घरचं काम म्हणून त्या साइटवर जरा जास्तच हात फिरवला.

ताई नागपूरजवळ कोराडीला राहते. भावजी गेल्यापासून तिचं घर सांबारवडीवर चालतं. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, आणि तो कोवळा, स्वस्त मिळतो थंडीतच. थंडी हुकली की ताईचं वर्ष हुकलं.

तिची साइट म्हणजे एकच पान होतं. वर वड्यांचा फोटो, खाली मोठ्या अक्षरांत फोन नंबर. लोक नंबर दाबायचे आणि थेट ताईशी बोलायचे. नागपूरचा माणूस बोलल्याशिवाय वडी मागवतच नाही. सांबार आजचा आहे ना, तिखट जरा कमी टाका, सासऱ्याले चालत नाही, हे सगळं झाल्यावर मग ऑर्डर.

यांचं गणित वेगळं. एकच पान पाहून माणूस गेला, की तो बाउन्स, म्हणजे आला तसा परतला; शंभरात असे किती, तो बाउन्स रेट. फोन लावणाराही त्यांच्या लेखी परतलेलाच, कारण नंबर कोणी दाबला हे त्यांनी मोजायलाच लावलं नव्हतं. यंदा थंडीच्या तोंडावर म्हणाले, "ताईच्या साइटवर माणूस टिकूनच नाही राहिला. पाहवत नाही मले."

मग त्यांनी पानं वाढवली. वडीची गोष्ट, ताईचा प्रवास, स्वयंपाकघराचे फोटो, आणि नंबर पार शेवटच्या पानाच्या तळाशी. पंधरवड्यात बाउन्स रेट धाडकन खाली आला. माणसं पानामागून पान उघडत होती, बराच वेळ थांबत होती. हे इतके खूश की घरात पेढे आले. मीही खाल्ला.

तिकडे ताईचा फोन मुका झाला. आधी वाटलं, लोक लग्नसराईत गुंतले असतील. संक्रांत आली तरी तेच. एकदा ती म्हणाली, "लोकाइले नकोशी झाली वं माही वडी." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस.

हळदीकुंकवाला मागच्या गल्लीतल्या एक काकू भेटल्या. दरवर्षी ताईकडूनच वड्या मागवणाऱ्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काहून वं, तुझ्या बहिणीनं वड्या बंद केल्या काय? आधी साइट उघडली की समोर नंबर होता. आता इकडे दाबा, तिकडे दाबा, सापडूनच नाही राहिला. थकून सोडून देलं मी."

वाण घेतलं की तिथेच ठेवलं, तेही मला आठवत नाही. घरी आले तर पायात एक चप्पल माझी आणि एक दुसऱ्या कोणाची.

हे स्क्रीनसमोर बसले होते. मी विचारलं, "ही माणसं इतका वेळ साइटवर काय करून राहिली?"

"वाचून राहिली," ते म्हणाले.

"नंबर शोधून राहिली."

काकूंचं बोलणं सांगितलं तसा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी लगेच नंबर पहिल्या पानावर आणला, आणि तो किती जण दाबतात हे मोजायची सोय केली. पहिल्याच दिवशी करायची होती ती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण इथे बैल माझ्या बहिणीचा होता.

मी लगेच ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. म्हटलं, आता कढई चढव, फोन येतील.

"कढई कालच मोडीत देली वं," ती म्हणाली.

मी म्हटलं, नवी घेऊ, आजच घेऊ, पैसे आम्ही देतो.

"कढईचं नाही वं. रोज एक वडी तळून चाखत होती मी. वडीत काय कमी पडून राहिलं, समजूनच नव्हतं राहिलं मले."