चार आवाज आणि एक पंगत

माझ्या वडिलांना गाता येत नव्हतं. हे आमच्या सगळ्या मंडळीला माहीत होतं आणि तरीही छावणीतल्या आमच्या चर्चचे गायकप्रमुख तेच होते. कारण सोपं होतं. ते कचेरीत हेडक्लार्क होते, त्यांच्याकडे काळा कोट होता, आणि नगरच्या मिशन शाळेत आपण चार आवाजांत गायला शिकलो, असं ते स्वतःच सांगत. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण रुबाब बघाल तर जहागीरदाराचा.

चार आवाज त्यांनी घरातूनच भरले होते. मी वरचा आवाज. आत्या दुसरा, तिला डाव्या कानानं ऐकू येत नसे आणि उजवा कान ती पदराखाली ठेवी. तिसऱ्या आवाजाला तलाठी असलेले काका होते, ते गाताना डोळे मिटत आणि ओळ चुकत. खालचा आवाज दादा आणि वडील स्वतः. आईला मात्र घेतलं नव्हतं. ती पाचोडकडच्या खेड्यातली. "तिचा आवाज रानातला आहे," असं वडील पाहुण्यांसमोर सांगत. आई पाहुण्यांना चहा देत देत ते ऐकून घेई.

आईकडे प्रीतिभोजनाचं काम होतं. नाताळच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारात सगळ्या मंडळीची पंगत बसे. बघारा भात, दालचा आणि मटण. पहाटेपासून आई दोन-तीन बायकांना घेऊन चुलींपुढं असे. चितेगाव, पाचोडहून माणसं लेकरंबाळं घेऊन एसटीनं येत. वर्षातून एकदा पोटभर मटण मिळे, हे त्यांच्या भक्तीचं एक कारण होतं, आणि मला ते आमच्या कोटवाल्यांच्या भक्तीपेक्षा प्रामाणिक वाटे.

पण पंगतीआधी वडिलांचा गायनाचा कार्यक्रम असे. एका वर्षी बाहेरून कोणी मोठे पाळक आले, म्हणून वडिलांनी गाणी वाढवली. प्रत्येक गाण्याआधी ते आवाजांची माहितीही देऊ लागले. पाहुणे पाळक मान डोलवत होते. खरं तर ते पेंगत होते, पण वडिलांना तेही दाद वाटली. मागं लेकरं रडायला लागली. शेवटी पाचोडची माणसं उठली, कारण शेवटची गाडी चुकली असती. त्यांत माझी मावशीही होती. आईनं रांधलेल्या अन्नाला हात न लावता तिची बहीण निघून गेली. आईनं तिच्या पिशवीत घाईघाईनं कोरडा भात कोंबला. त्या रात्री घरी ती न जेवताच भांडी घासायला बसली. वडील मात्र खालचा आवाज कसा उत्तम लागला ते सांगत राहिले.

पुढच्या नाताळला उपासना संपली, आमच्या पाळकांनी आशीर्वाद दिला आणि आम्ही पायऱ्यांवर ओळीत उभे राहिलो. वडिलांनी पेटीवर सूर धरला. तेवढ्यात आई हात पुसत चुलीपासून आली.

"पाळकसाहेब, आदी पंगत. गाणं मागून."

"कार्यक्रम ठरलेला आहे," वडील म्हणाले.

"पाचोडची गाडीबी ठरलेलीच हाय," आई म्हणाली. "गाणं कुठं नासतंय? भात गार व्हतो."

पाळकांनी वडिलांकडं पाहिलं, मग चुलींवरच्या मोठाल्या डेगांकडं पाहिलं. ते विद्वान होते, पण भुकेले जास्त होते. "बाई म्हणतात ते बरोबर आहे," असं म्हणून ते स्वतः सतरंजीवर जाऊन बसले.

मग गंमत झाली. आधी आत्या उतरली. एरवी तिला हाक ऐकू येत नसे, पण पंगत हा शब्द ऐकू आला. मग तलाठी काका. मग दादा, मान खाली घालून. मीही उतरले, आणि मटण फार चांगलं झालं होतं. वडील पेटीपाशी एकटेच उभे राहिले. त्यांनी जेवायला नकार दिला. नंतर गाणं झालं तेव्हा समोर तीन म्हातारे होते, आणि त्यांतला एक भिंतीला टेकून झोपला होता.

घरी आल्यावर वडील म्हणाले, "चारचौघांत माझी शोभा केलीस."

आई डेगेचं खरकटं खरवडत होती. "माणसं जेवून गेली," ती म्हणाली. "माझ्या बहिनीला आवंदा पोटाला मिळालं. मला दुसरं कायबी नाय दिसलं."

वडिलांनी प्रमुखपद सोडलं. मंडळी मनधरणीला येईल म्हणून दोन रविवार घरी कोट घालून बसले. कोणीच आलं नाही. गायन एका शाळामास्तरांकडं गेलं. त्यांनी तीन गाणी ठेवली, तीही जेवण झाल्यावर. वडील त्यानंतर शहरातल्या दुसऱ्या चर्चांमध्ये जाऊन बसू लागले. परत आले की तिथला कोणता आवाज कसा बेसूर होता ते तपशिलानं सांगत. आई तांदूळ निवडता निवडता "व्हय" म्हणे.

एकदा दुपारी मी आतल्या खोलीत त्यांना एकट्यानं खालचा आवाज म्हणताना ऐकलं. बाकीचे तीन नसल्यानं ते गाणं कोणतं तेही कळत नव्हतं. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. मी दार लोटून घेतलं आणि अभ्यासाला बसले.