सईला पाढे येत नाहीत

आज उमरखेडला नणंदेकडे जेवायला गेलतो. घरी परत आले तरी तेच डोक्यात घोळून राह्यलं, म्हणून इथं लिहून राह्यले.

माझी सई सात वर्षांची आहे. डॉक्टरांनी तिला ऑटिझम असल्याचं सांगितलंय. ते आज पहिल्यांदाच मी सासरच्यांसमोर बोलले.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, लगेच म्हणाले, "अवं, घाबरतेस कायले? तो मोठा शास्त्रज्ञ होता ना, तोबी असाच होता म्हणतात. आपली सईबी नाव काढते, पाहजो!"

मग सगळ्यांनी मोबाइल काढले. कोणाला गणितज्ञ सापडला, कोणाला चित्रकार. त्यातले कित्येक जण तर ऑटिझमला नाव मिळायच्या आधीच गेलेले.

"मंग हिले काय येते? सई, पाढे म्हण बरं!" नणंद म्हणाली. सगळे पोरीभोवती जमले. सईनं कान दाबले आणि ती किंचाळत पलंगाखाली शिरली.

मी तिच्याजवळ फरशीवर जाऊन बसले. "तिले पाढे येत नाई, मामाजी," एवढंच तोंडातून निघालं.

मामाजींचा चेहरा उतरला. त्यांना मला धीरच द्यायचा होता, हे कळत होतं मला.

पण तेव्हापासून एकच भीती पोखरून राह्यली. माझी सई मोठी झाली आणि कशातच हुशार निघाली नाही, तर? तरीही तिच्यावर माया करतील ना आपले लोक? खरं सांगा.